बी जगाचे, कसोटी शिवाराची
कृषिसंशोधन व कृषिशिक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य : एक अभ्यासपाठ

बाजरीची भाकरी हे दख्खनच्या कोरडवाहू मुलखातील घरोघरचे अन्न होय. १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक शिवारांत टपोऱ्या, राखी दाण्याची आणि लवकर कापणीस येणारी एक बाजरी मोठ्या प्रमाणावर पेरली जात असे. तिचे नाव ‘आय.सी.टी.पी. ८२०३’. या बाजरीचे मूळ पश्चिम आफ्रिकेतील टोगो या लहानशा देशात होते, तिची निवड हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे झाली आणि ती पिकली ती मात्र मराठी शेतकऱ्याच्या रानात. एका कणसामागे तीन प्रदेशांचे श्रम उभे होते.

आंतरराष्ट्रीय सहकार्य हा शब्द उच्चारला की करारांवर सह्या करणारी मंडळी आणि परदेशी पाहुण्यांचे सत्कार डोळ्यांसमोर येतात. तथापि शेतीच्या क्षेत्रात या सहकार्याचा खरा अर्थ करारनाम्यावरून कळत नाही; तो पेरणीनंतर कळतो. परदेशातून आलेले बी, अवजार अथवा विचार येथील मातीत, येथील पावसात आणि येथील शेतकऱ्याच्या ऐपतीत टिकतो की नाही, हीच त्याची कसोटी. ही कसोटी चुकली तर नुकसान संशोधकाचे फारसे होत नाही. ज्याच्या घरी वर्षाचे धान्य यावयाचे असते त्याचे होते. म्हणून या सहकार्याचा इतिहास ग्रामस्थ, अधिकारी आणि शिक्षक या तिघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

विद्यापीठांची उभारणी

स्वातंत्र्यानंतर देशासमोर अन्नधान्याच्या तुटवड्याचा प्रश्न उभा होता. शेतकी महाविद्यालये होती; परंतु शिक्षण एका खात्याकडे, संशोधन दुसरीकडे आणि प्रचाराचे काम तिसरीकडे अशी विभागणी असे. वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकाचा शेतकऱ्याच्या बांधाशी संबंध येईलच, असे नव्हते. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. पुढे १९५५ पासून भारतीय व अमेरिकन तज्ज्ञांच्या संयुक्त समित्यांनी या प्रश्नाचा विचार केला. अमेरिकेत १८६२ च्या एका कायद्याने प्रत्येक राज्यात शेती व यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी जमिनी देण्यात आल्या होत्या आणि त्यांतून जी विद्यापीठे वाढली, त्यांत शिक्षण, संशोधन व विस्तारकार्य एकाच छत्राखाली चालत असे. हा नमुना भारताने आपल्या गरजेप्रमाणे स्वीकारला.

१९६० मध्ये उत्तर प्रदेशातील पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. त्यास इलिनॉय विद्यापीठाचे साहाय्य लाभले. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठासही १९६४ नंतर इलिनॉयनेच मदत केली. त्याच वर्षी बंगळूरचे कृषी विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे सहकारी टेनेसी विद्यापीठ होते. आणि हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे निघालेल्या आंध्र प्रदेश कृषी विद्यापीठाचे सहकारी कॅन्सास राज्य विद्यापीठ होते. अमेरिकन प्राध्यापक येथे येऊन राहिले, येथील तरुण अध्यापक उच्च शिक्षणासाठी तिकडे गेले. काही वर्षांनी परदेशी प्राध्यापक परतले. विद्यापीठे मात्र राहिली.

या विद्यापीठांचे पुढे विस्तारही झाले. बेळगाव-धारवाड भागातील शेतकऱ्यांना जवळचे असे धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ १९८६ मध्ये बंगळूरपासून वेगळे निघाले. राजेंद्रनगरचे आवार २०१४ च्या राज्यविभाजनानंतर तेलंगणाच्या कृषी विद्यापीठाकडे आले. परभणीचे कृषी महाविद्यालय तर १९५६ साली जुन्या हैदराबाद राज्यातच सुरू झालेले. १९७२ मध्ये तेथे मराठवाड्याचे स्वतंत्र कृषी विद्यापीठ उभे राहिले. राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी त्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या कृषिपदवीधरांचे काम सीमेच्या दोन्ही बाजूंस चालू राहिले. सहकार्यातून माणसे तयार झाली की ते सहकार्य संपल्यावरही फळ देत राहते, हा या प्रकरणातील पहिला धडा.

संकरित बाजरीचा अनुभव

दुसरा धडा अधिक कठोर आहे. बाजरीचे फूल अतिशय लहान. हाताने पराग काढून टाकून संकर करणे मोठ्या प्रमाणावर शक्य नसते. ज्या वाणात कार्यक्षम पराग तयारच होत नाही, असा नरवंध्य वाण मादी म्हणून लाभला, तरच संकरित बियाणे पुरेसे पिकविता येते. असा वाण अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी तयार केला होता. ‘टिफ्ट २३ ए’ या नावाचा तो वाण १९६० च्या दशकाच्या आरंभी भारतास मिळाला. पंजाबात त्यापासून ‘एच.बी. १’ हा देशातील पहिला संकरित बाजरीचा वाण तयार झाला व १९६५ मध्ये प्रसारित करण्यात आला. त्यापाठोपाठ आणखी संकरित वाण निघाले. उत्पादन वाढले. १९७०-७१ मध्ये देशातील बाजरीचे उत्पादन सुमारे ८० लाख टनांवर पोचले.

परंतु पुढच्याच वर्षी ते सुमारे ५३ लाख टनांपर्यंत खाली आले. पावसाचा वाटा त्यात होताच. तथापि केवडा रोगाने संकरित बाजरीवर घातलेला घाला हेही त्याचे मोठे कारण होते. या रोगात पानांच्या खालच्या बाजूस पांढुरकी बुरशी दिसते आणि कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे गुच्छ फुटतात. जटा वाढलेल्या गोसाव्यासारखे ते कणीस दिसते म्हणून शेतकरी यास ‘गोसावी’ असेही म्हणतात. रोगाचे बीजाणू जमिनीत दीर्घकाळ टिकून राहतात.

असे का घडले? त्या काळचे संकरित वाण बहुतांशी एकाच मादीपासून निघाले होते आणि ती मादी या रोगास बळी पडणारी होती. टिफ्टनला हा रोग उपद्रव देत नव्हता. त्यामुळे तेथे हा दोष उघड होण्याचे कारणच नव्हते. गावातील जुन्या बाजरीत प्रत्येक ताटाचा स्वभाव थोडा वेगळा असे, म्हणून रोग आला तरी सर्व पीक एकदम जात नसे. संकरित बाजरीत सगळे रान एकाच घरचे. रोगाला वाट सापडली की ती सर्वांसाठी सापडली. संशोधकांनी पुढे रोगप्रतिकारक नरवंध्य वाण शोधले व संकरित बाजरी पुन्हा उभी केली. मात्र परदेशी देणगी कितीही मोलाची असली, तरी तिची परीक्षा येथल्या रोगांसमोर आणि अनेक ठिकाणी झाली पाहिजे, हे कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या नुकसानीतून देशाला शिकविले.

पाटणचेरूची स्थापना

भातासाठी फिलिपीन्समध्ये १९६० साली व गहू-मक्यासाठी मेक्सिकोत १९६६ साली आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था निघाल्या होत्या. त्यांच्या संशोधनाचा लाभ मुख्यत्वे पाण्याची सोय असलेल्या शेतीस झाला. पावसावर अवलंबून असणाऱ्या ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा या गरिबांच्या पिकांकडे तितके लक्ष गेले नव्हते. १९७१ मध्ये जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, देणगीदार राष्ट्रे व प्रतिष्ठाने यांनी मिळून आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधनासाठी एक सल्लागार गट स्थापन केला. या गटाने नव्याने उभारलेली पहिली संस्था म्हणजे अर्धशुष्क उष्ण कटिबंधातील पिकांसाठीची संस्था, अर्थात ‘इक्रिसॅट’ होय. १९७२ मध्ये भारत सरकारशी करार होऊन तिचे मुख्यालय हैदराबादजवळ पाटणचेरू येथे करण्यात आले.

जागेची निवड विचारपूर्वक झाली. येथे काळी भारी जमीन आणि तांबडी हलकी जमीन एकाच आवारात लागून आहे आणि पाऊस वर्षाकाठी सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कोरडवाहू शेतीची सारी अडचण एका शिवारात पाहावयास मिळावी, अशीच ही जागा. आवार सुमारे १,४०० हेक्टरांचे. त्यासाठी तेथील गावांतील कुटुंबांना आपली घरे व जमिनी सोडून अन्यत्र जावे लागले, हेही या इतिहासात नोंदले पाहिजे. जगाच्या कोरडवाहू शेतीसाठी उभ्या राहिलेल्या या संस्थेच्या पायात त्या कोरडवाहू शेतकऱ्यांचाही त्याग आहे.

ज्वारी, बाजरी, तूर व हरभरा ही चार पिके आरंभी संस्थेकडे सोपविण्यात आली. भुईमुगाची भर थोड्याच काळात पडली.

बियांची ये-जा

पिकांना पारपत्र लागत नाही. ज्वारी व बाजरी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून भारतात आली, भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आला; उलट आपली तूर येथून पूर्व आफ्रिकेत गेली. पाटणचेरूने ही जुनी ये-जा पद्धतशीर केली, तिच्या नोंदी ठेवल्या आणि तिला रोगपरीक्षेची जोड दिली.

बाजरीचे उदाहरण घेऊ. नायजेरियात तयार झालेल्या एका संमिश्र बीसंचातून ‘डब्ल्यू.सी.-सी ७५’ हा वाण निवडण्यात आला व १९८२ मध्ये भारतात प्रसारित झाला. केवड्यास तो दाद देत नसे. त्यानंतर टोगोच्या उत्तर भागातील टपोऱ्या दाण्याच्या गावरान बाजरीतून आरंभी उल्लेखिलेला ‘आय.सी.टी.पी. ८२०३’ निवडण्यात आला. १९८८ मध्ये तो महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित करण्यात आला. लवकर येणारा असल्याने अखेरचा पाऊस चुकला तरी दाणा भरतो आणि दाणा टपोरा असल्याने बाजारातही चालतो. हे दोन्ही वाण संकरित नव्हेत. त्यांचे परागीभवन मोकळेपणाने होते. त्यामुळे चांगली कणसे निवडून पुढील हंगामापुरते बी शेतकऱ्यास घरीच राखता येते. संकरित वाणाचे बी घरी राखून पेरल्यास पीक एकसारखे येत नाही व उत्पन्न घटते, हा दोहोंतील फरक बियाणे घेताना ध्यानी ठेवावा.

तुरीचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. तुरीचा मर रोग जमिनीतील बुरशीमुळे होतो. हिरवे झाड पाहता पाहता सुकते आणि त्याच रानात पुढील वर्षीही धोका राहतो. पाटणचेरूच्या संशोधकांनी मुद्दाम रोगट केलेल्या वाफ्यांत शेकडो वाण पेरले. बहुतेक मेले; जे उभे राहिले त्यांतून निवड झाली. महाराष्ट्रातून गोळा केलेल्या एका गावरान तुरीतून अशी निवड होऊन ‘आय.सी.पी. ८८६३’ हा वाण तयार झाला. १९८६ मध्ये तो कर्नाटकात ‘मारुती’ या नावाने प्रसारित झाला आणि गुलबर्गा, आजचे कलबुर्गी, या तुरीच्या जिल्ह्यात व त्याला लागून असलेल्या सीमाभागात त्याने घर केले. महाराष्ट्राच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले बी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या रोगट वाफ्यातून तावून सुलाखून निघाले आणि शेजारच्या राज्याचे पीक वाचविण्यास उपयोगी पडले. सहकार्यात देणारा नेहमी परदेशीच असतो, हा समज या एका उदाहरणाने दूर व्हावा.

गावांची शाळा

संशोधन केंद्रावर पिकलेले पीक गावात का पिकत नाही, हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो. त्याचे उत्तर गावातच शोधावे, असे पाटणचेरूच्या अर्थशास्त्रज्ञांनी ठरविले. मे १९७५ पासून सहा गावांचा सखोल अभ्यास सुरू झाला. तत्कालीन आंध्र प्रदेशाच्या महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली व डोकूर, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कंझारा व किनखेडा ही ती गावे. प्रत्येक गावात ४० कुटुंबे निवडण्यात आली : १० भूमिहीन मजुरांची आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी १०. एकूण २४० कुटुंबे.

स्थानिक भाषा जाणणारे, ग्रामीण भागातच वाढलेले पदवीधर अन्वेषक या गावांत जाऊन राहिले. तीन-चार आठवड्यांनी ते प्रत्येक कुटुंबाकडे जात आणि पेरणी, मजुरी, बैल, कर्ज, धान्य, खर्च अशी सर्व नोंद करीत. काही गावांत हे काम सलग १० वर्षे चालले. २००१ नंतर ते पुन्हा हाती घेण्यात आले. पावसाच्या चांगल्या-वाईट वर्षांतून गेलेल्या त्याच त्या कुटुंबांच्या अशा अखंड नोंदी जगात फार थोड्या आहेत. देशोदेशींच्या विद्यापीठांतील अभ्यासकांनी त्यांचा उपयोग केला. सोलापूर व अकोल्याच्या मराठी कुटुंबांनी सांगितलेली माहिती अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणाचा आधार बनली.

यातील एक प्रयोग विशेष बोधप्रद आहे. लहान शेतकरी नवे तंत्र स्वीकारीत नाही कारण तो स्वभावतः भित्रा व परंपरावादी असतो, असे पुष्कळदा बोलले जाते. हान्स बिन्सवँगर या अर्थशास्त्रज्ञाने हे तपासून पाहिले. गावकऱ्यांपुढे निरनिराळे पर्याय ठेवण्यात आले. एका टोकास नाणे कसेही पडो, ५० रुपये निश्चित. दुसऱ्या टोकास छापा पडला तर काहीच नाही, काटा पडला तर २०० रुपये. मधल्या पर्यायांत धोका क्रमाक्रमाने वाढत जाई व सरासरी लाभही वाढे. आरंभीचे डाव ५० पैशांच्या पातळीवरचे होते. मोठ्या डावांतील रक्कम त्या काळच्या मजुराच्या दृष्टीने मोठीच होती, आणि ती खरोखर दिली जात असे.

निष्कर्ष असा निघाला की रक्कम मोठी झाली की बहुतेक सर्वजण जपून, मधला मार्ग निवडतात. आणि या बाबतीत गरीब व सधन शेतकऱ्यांच्या वृत्तीत फारसा फरक आढळत नाही. म्हणजे लहान शेतकरी मागे राहतो तो स्वभावामुळे नव्हे. कर्ज वेळेवर मिळत नाही, बैल अपुरे असतात, एक हंगाम बुडाला तर सावरण्यास आधार नसतो. कारणे ही आहेत. विस्तार अधिकाऱ्याने शेतकऱ्यास दोष देण्यापूर्वी हा निष्कर्ष आठवावा.

न रुजलेले अवजार

सहकार्याचे सर्वच प्रयत्न सफल झाले असे नाही. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, वाफसा येत नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी खरिपात रान मोकळे ठेवून रब्बीत ज्वारी अथवा हरभरा घेण्याची चाल होती. पाटणचेरूच्या शास्त्रज्ञांनी त्यावर रुंद वरंबा व सरी अशी पद्धत बसविली. वरंब्यावर पीक, सरीतून जादा पाण्याचा निचरा. एका वर्षात दोन पिके. त्यासाठी फ्रेंच आराखड्यावर आधारलेले, बैलांनी ओढावयाचे, चाकांचे एक बहुउपयोगी अवजार पुढे करण्यात आले. नांगरणी, पेरणी, कोळपणी, वाहतूक अशी सारी कामे एकाच सांगाड्यावर.

संशोधन केंद्रावर परिणाम उत्तम आले. गावात मात्र चित्र निराळे दिसले. अवजाराची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती, ते जड होते आणि एका अवजाराने सारी कामे करावयाची तर प्रत्येक कामासाठी त्याची जोडणी बदलावी लागे. ज्या सोलापूर भागात खरिपाचा पाऊस बेभरवशाचा, तेथे मुळात दोन पिकांचा हिशेबच जमत नव्हता. तेथील शेतकरी खरिपात रान मोकळे ठेवतो तो अज्ञानाने नव्हे. परतीच्या पावसाची ओल धरून शाळू पिकविण्याचे ते त्याचे शास्त्र आहे. अशा चाकांच्या अवजारांचे प्रयत्न आफ्रिकेतही झाले व तेथेही ती फारशी रुजली नाहीत.

तथापि मूळ विचार वाया गेला नाही. पुढे सोयाबीनचे क्षेत्र वाढले, गावोगावी ट्रॅक्टर आले आणि ट्रॅक्टरचलित पेरणीयंत्राने रुंद वरंबा-सरी काढण्याची पद्धत कृषी विभागांनी पुन्हा प्रसारात आणली. आज महाराष्ट्रातील शेतकरी तिला ‘बीबीएफ’ या नावाने ओळखतात. जेथे पाऊस पुरेसा आणि पाणी साचण्याचा त्रास, तेथे ती उपयोगी पडते. विचार तोच, अवजार, पीक व जागा यांची जुळणी झाल्यावर तो स्वीकारला गेला.

बियांची मालकी कोणाची?

पाटणचेरूच्या बीजपेढीत कमी तापमानात व कमी आर्द्रतेत एक लाखाहून अधिक बीनमुने जतन केलेले आहेत. ते १४० हून अधिक देशांतून आले आहेत. यांपैकी बहुतेक गावरान वाण शेतकऱ्यांच्या घरांतून, बाजारांतून व खळ्यांवरून गोळा झालेले. अनेक वाण आज मूळ गावातही सापडत नाहीत. इथिओपिया, केनिया, नायजेरिया यांसारख्या देशांना त्यांचे स्वतःचे जुने बी या पेढीने परत पुरविले आहे. भारताच्या राष्ट्रीय बीजपेढीलाही मोठा साठा देण्यात आला. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार येथे बर्फाळ डोंगरात २००८ मध्ये उघडलेल्या जागतिक कोठारातही येथील नमुन्यांची प्रत ठेवण्यात आली आहे.

हे बी कोणाचे, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. १९९४ मध्ये झालेल्या करारान्वये हा साठा जगाच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळण्याची जबाबदारी संस्थेने स्वीकारली. त्या नमुन्यांवर तिला मालकी सांगता येत नाही. २००४ मध्ये अमलात आलेल्या वनस्पती जननद्रव्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानेही हेच तत्त्व पुढे नेले. नमुना घेणाऱ्यास ठरावीक अटी मान्य कराव्या लागतात.

आपल्या देशात पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ हा या बाबतीत महत्त्वाचा आहे. या कायद्यान्वये शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी, ते संरक्षित वाणाचे असले तरीही, राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा व विकण्याचा हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून वेष्टनात विकता येत नाही. शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणाची नोंदणी करण्याचीही तरतूद आहे. ज्या गावात एखादा जुना, गुणी वाण टिकून आहे, त्या गावाने नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राकडे अथवा कृषी विद्यापीठाकडे याविषयी चौकशी करावी.

शाळेतील भाकरी

टोगोहून आलेल्या बाजरीची गोष्ट येथे पूर्ण होते. ‘आय.सी.टी.पी. ८२०३’ या वाणात लोहाचे प्रमाण मुळातच चांगले असल्याचे आढळले. त्यातून अधिक लोह देणारी ताटे निवडून पाटणचेरू व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून ‘धनशक्ती’ हा वाण तयार केला. २०१२ मध्ये तो महाराष्ट्रात प्रसारित झाला, पुढे अन्य राज्यांसाठीही.

या बाजरीने रक्तातील लोहाची उणीव खरोखर भरून निघते काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे संशोधक व भारतीय सहकारी यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींवर अभ्यास केला. एका गटास लोहयुक्त बाजरीची, दुसऱ्यास साध्या बाजरीची भाकरी दररोज दोन वेळा देण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे लोहयुक्त बाजरी खाणाऱ्या मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा चार महिन्यांत सुधारला होता. गोळी नाही, नवे खाद्य नाही, रोजची भाकरीच. टोगोचा शेतकरी, पाटणचेरूचा संशोधक, राहुरीचा अध्यापक, कॉर्नेलचा वैद्यकशास्त्री आणि गावातील शाळा अशी ही साखळी आहे. तिची एक कडी निखळली असती, तर भाकरी ताटात आली नसती.

आपले कर्तव्य

या साऱ्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, बाहेरून आलेल्या कोणत्याही बियाण्याची वा तंत्राची परीक्षा आपल्या जमिनीत, आपल्या रोगांसमोर, निदान दोन-तीन हंगाम झाली पाहिजे; आणि सगळे रान एकाच वाणाखाली आणू नये. दुसरी, शेतकऱ्याने एखादे तंत्र नाकारले तर त्या नकाराची कारणे लिहून संशोधन केंद्राकडे पोचविणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. नकार हीसुद्धा माहिती होय. ती वर गेली नाही तर तीच चूक पुढच्या गावात होते. तिसरी, सहकार्याचे टिकाऊ फळ म्हणजे शिकलेली माणसे व जपलेली नोंद. गावाने आपल्या पावसाची, पेरणीची व उत्पन्नाची वही ठेवली, तर कोणत्याही तज्ज्ञाशी ते बरोबरीने बोलू शकते.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचे दार राजधानीत उघडते, हे खरे. परंतु ते शेवटी गावाच्या बांधावर येऊन थांबते. तेथे उभ्या असलेल्या शेतकऱ्यास विचारल्यावाचून ते आत येऊ नये आणि त्याचे उत्तर घेतल्यावाचून परत जाऊ नये.

शिक्षकांसाठी

१. विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून गावात पूर्वी पेरल्या जाणाऱ्या ज्वारी, बाजरी, भात व तुरीच्या वाणांची नावे, त्यांचे गुण व ते का मागे पडले याची यादी करावी.

२. संकरित वाण व मुक्त परागीभवनाचा वाण यांतील फरक शेतातील अथवा बियाण्याच्या पिशवीवरील माहितीवरून समजावून द्यावा.

३. ‘धोका कोणाचा, लाभ कोणाचा?’ या प्रश्नावर चाकांच्या अवजाराचे उदाहरण घेऊन वर्गात चर्चा घ्यावी.

४. शाळेच्या आवारात साधे पर्जन्यमापक ठेवून पावसाची रोजची नोंद विद्यार्थ्यांकडून ठेववून घ्यावी आणि हंगामाच्या शेवटी ती ग्रामसभेत वाचून दाखवावी.